चेंडूकडे न पाहणारा पंच

तुमच्या शाळेत बास्केटबॉलचे मैदान असेल, तर पुढच्या सामन्याच्या वेळी एक छोटा प्रयोग करून पाहा. पाच मिनिटे चेंडूकडे अजिबात पाहायचे नाही. फक्त पंचांकडे पाहायचे. हे वाटते तितके सोपे नाही. चेंडू हातातून हातात जाऊ लागला, मुलांचा गलका वाढला, की नजर नकळत चेंडूमागे धावते. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा किती वेळा चुकलो हे मोजायचे ठरवले होते. पण चेंडू पाहण्याच्या नादात मोजायचेच राहून गेले.

नेटाने पाहत राहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. दोन पंचांपैकी एक जण चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे पाहत असतो. दुसरा मात्र मुद्दाम भलतीकडे पाहत असतो. बास्केटखाली जागेसाठी एकमेकांना रेटणारे दोन खेळाडू, किंवा चेंडूपासून दूर धावणारा एखादा आणि त्याची वाट अडवणारा दुसरा, हे त्याचे काम. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडते, "पंच, लक्ष कुठे आहे?" वास्तविक त्या पंचाचे लक्ष जिथे असायला हवे तिथेच असते.

लक्षाच्या या वाटणीची शास्त्रीय बाजू काय, ती कुठे भक्कम आहे आणि कुठे लंगडी पडते, याचे परीक्षण या लेखात करायचे आहे. विषय खेळाचा असला तरी प्रश्न केवळ खेळाचा नाही. एका वेळी अनेकांवर लक्ष ठेवण्याचे काम ज्यांना रोज करावे लागते, त्यांत शिक्षकांचा नंबर बराच वरचा आहे.

एका शिक्षकाची कल्पना

बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथे जन्माला आला. तो तयार करणारे जेम्स नेस्मिथ हे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. हिवाळ्यात बंद सभागृहात मुलांना काय खेळवावे, ही त्यांची अडचण होती. त्यांनी तेरा नियम लिहिले, दोन टोकांना पीच फळांच्या टोपल्या टांगल्या आणि वर्गातील अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले.

त्या तेरा नियमांपैकी दहावा आणि अकरावा नियम आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. दहाव्या नियमाने एक अधिकारी खेळाडूंवर नेमला: कोण कोणाला धरतो, ढकलतो, पाडतो हे त्याने पाहायचे. अकराव्याने दुसरा अधिकारी चेंडूवर नेमला: चेंडू मैदानात आहे की बाहेर गेला, आता तो कोणत्या बाजूचा, हे त्याने ठरवायचे आणि वेळही त्यानेच राखायची. म्हणजे एक पंच माणसांचा आणि एक चेंडूचा.

अवधानावरचे आजचे बहुतेक प्रयोग तेव्हा झालेले नव्हते. तरीही नेस्मिथ यांना वर्ग सांभाळण्याच्या अनुभवातून एक गोष्ट उमगली असावी असे वाटते. दोन माणसांना "दोघेही सगळीकडे पाहा" असे सांगितले, तर दोघेही एकाच ठिकाणी पाहतील. म्हणून त्यांनी एकाला चेंडूच्या जबाबदारीतून स्पष्ट शब्दांत मोकळे केले. आमच्या मते या दोन नियमांतली खरी हुशारी या मोकळे करण्यात आहे.

मैदानाची वाटणी

पुढे खेळ वेगवान झाला आणि ही सरळ वाटणी अपुरी पडू लागली. बरेच धक्के चेंडूच्या अगदी जवळच लागतात. तिथे चेंडू आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. म्हणून वाटणी जागेनुसार होऊ लागली.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. त्यावर दहा खेळाडू असतात. दोन पंच असतील तर एक जण चढाईच्या पुढे जाऊन बास्केटमागच्या अंत्यरेषेवर उभा राहतो. त्याला 'लीड' म्हणतात. दुसरा चेंडूच्या मागे, बाजूच्या रेषेजवळ राहतो, तो 'ट्रेल'. चेंडू हातचा जाऊन खेळ उलट दिशेला धावू लागला, की भूमिकाही उलटतात: मागचा ट्रेल पुढे धावून लीड होतो आणि लीड मागे राहून ट्रेल होतो. अर्ध्या मैदानाचे भाग पाडलेले असतात आणि चेंडू कोणत्या भागात असताना तो कोणी पाहायचा, हे आधीच ठरलेले असते. ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याने बाकीचे खेळाडू पाहायचे. नेस्मिथ यांचे तत्त्व टिकले आहे. फक्त चेंडूचा पंच आणि माणसांचा पंच ही पदे आता क्षणाक्षणाला अदलाबदल करतात.

तीन पंचांच्या पद्धतीत 'सेंटर' हा आणखी एक पंच येतो. तो ट्रेलच्या समोरच्या बाजूला, साधारण फ्री थ्रोच्या रेषेच्या पातळीवर उभा राहतो. चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला स्थिरावला, की लीड अंत्यरेषेवरून चालत त्या बाजूला जातो आणि मग सेंटर आणि ट्रेल आपापल्या भूमिका बदलतात. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेने १९७८-७९ च्या हंगामात तीन पंच नेमून पाहिले, पुढच्याच हंगामात ती पुन्हा दोनांवर आली आणि १९८८-८९ पासून तीन पंच कायमचे केले. आंतरराष्ट्रीय नियमांत आजही दोन किंवा तीन अशी दोन्ही मुभा आहे. आपल्याकडच्या शालेय सामन्यांत दोन पंच मिळाले तरी पुष्कळ, हे वेगळे सांगायला नको.

डोळा किती पाहतो?

इतका खटाटोप कशासाठी? दोन धडधाकट माणसांना २८ मीटरचे मैदान दिसत नाही काय?

दिसते, पण सगळे सारखे स्पष्ट दिसत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक लहानसा खळगा असतो. सर्वांत बारीक तपशील तिथेच टिपला जातो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. ते नख डोळ्याशी जो सुमारे दोन अंशांचा कोन करते, साधारण तेवढाच भाग एका वेळी अगदी स्वच्छ दिसतो. दहा मीटरवर दोन अंश म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. म्हणजे दहा मीटरवरून पंचाला खेळाडूचे मनगट आणि त्यावर पडणारा प्रतिस्पर्ध्याचा हात नीट दिसेल. त्याच क्षणी त्यांचे पाय तितके नीट दिसणार नाहीत. बाकीच्या दृष्टिक्षेत्रात हालचाल जाणवते, पण तपशील पुसट असतो. ही उणीव डोळा सेकंदाला तीन-चार झेपा घेऊन भरून काढतो. मात्र प्रत्यक्ष झेप चालू असताना दृष्टी जवळजवळ मंदावलेली असते.

डोळा जिथे वळतो तिथेच अवधान असते, असेही नाही. नजर एका जागी ठेवून लक्ष दुसरीकडे देता येते, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. वर्गात फळ्याकडे पाहत असलेल्या विद्यार्थ्याचे मन कुठे आहे, हे ओळखणाऱ्या शिक्षकांना याचे नवल वाटणार नाही!

अवधानालाही मर्यादा आहे. १९८८ मध्ये पिलिशिन आणि स्टॉर्म यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर सारख्याच दिसणाऱ्या अनेक आकृत्या स्वैर फिरत असतात. त्यांतल्या काही आधी दाखवून दिलेल्या असतात आणि त्याच डोळ्यांत धरून ठेवायच्या असतात. अशा प्रयोगांत बहुतेकांची मजल चार-पाचच्या आसपास थांबते.

इथे एक मोहक हिशोब सुचतो. दहा खेळाडू आणि एक चेंडू मिळून अकरा. दोन पंचांत वाटले तर प्रत्येकाला पाच-सहा, तिघांत वाटले तर तीन-चार. म्हणून तिसरा पंच हवा! हा हिशोब वाचायला छान वाटतो, पण तो जसाच्या तसा स्वीकारू नये असे आम्हाला वाटते. पडद्यावरच्या ठिपक्यांचा फक्त पाठलाग करायचा असतो. पंचाला पाठलागाबरोबर निवाडाही करायचा असतो: धक्का कोणी दिला, बचाव करणारा आधीपासून जागेवर होता का, हात चेंडूला लागला की मनगटाला. शिवाय खेळाडू ठिपक्यांसारखे स्वैर फिरत नाहीत. जाणत्या पंचाला त्यांची पुढची चाल बरीचशी ओळखता येते. पहिल्या कारणाने मर्यादा कमी होईल, दुसऱ्याने वाढेल. प्रयोगशाळेतला आकडा मैदानावर नेताना एवढे तरतम राखायला हवे.

कोनाचे गणित

तिसऱ्या पंचाच्या बाजूने अधिक भक्कम युक्तिवाद भूमितीत सापडतो, आणि तो नववीच्या वर्गातही मांडता येईल.

दोन खेळाडू एकमेकांजवळ आहेत. त्यांच्यात स्पर्श झाला की नाही, हे पाहायचे तर त्यांच्यामधली फट दिसली पाहिजे. त्या दोघांना जोडणारी एक रेषा कल्पा. पंच त्याच रेषेवर उभा असेल तर त्याला एकाची पाठ दिसेल, फट मुळीच दिसणार नाही. तो त्या रेषेला काटकोनात असेल तर पूर्ण फट दिसेल. मधल्या कोनांत फटीचा दिसणारा भाग कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतो.

आता एकच पंच असेल तर वाईटात वाईट परिस्थितीत त्याला शून्य फट दिसेल. दोन पंचांच्या दृष्टिरेषा एकमेकींना काटकोनात असतील, तर खेळाडू कसेही वळले तरी दोघांपैकी एकाला फटीचा किमान ०.७१ भाग दिसतो (साइन ४५°). तीन पंच असून त्यांच्या दृष्टिरेषा ६० अंशांच्या अंतराने असतील, तर हा किमान भाग ०.८७ होतो (साइन ६०°). पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मोठी उडी, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना लहान.

परंतु या गणितात एक अट दडलेली आहे. हे आकडे खरे ठरतात ते सगळे पंच त्याच दोन खेळाडूंकडे पाहत असतील तर! आणि आपण तर पंचांना वेगवेगळीकडे पाहायला सांगितले आहे. एकाच घटनेवर दोन डोळे ठेवावेत तर दुसरी घटना निसटते; प्रत्येक घटनेवर एकच डोळा ठेवावा तर त्याचा कोन वाईट असण्याचा धोका पत्करावा लागतो. पंचांच्या सर्व हालचाली, लीडचे अंत्यरेषेवर सरकणे, ट्रेलचे दोन पावले आत येणे, या ओढाताणीतून निघाल्या आहेत. चांगला पंच खेळाडूंच्या मागे धावत नाही. तो फटीच्या शोधात असतो. दोन पावलांनी कोन बदलतो, आणि कित्येकदा तेवढे पुरते.

गोरिला आणि त्याचा चुकलेला धडा

अवधानाचा विषय निघाला, की शिक्षकांच्या शिबिरांत हमखास एक चित्रफीत दाखवली जाते. सायमन्स आणि शॅब्रीस यांनी हार्वर्डमध्ये केलेला हा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पांढरे आणि काळे सदरे घातलेले दोन गट बास्केटबॉल एकमेकांकडे टाकत असतात. एका गटाने किती वेळा चेंडू टाकला, हे प्रेक्षकांनी मोजायचे. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती त्यांच्यातून चालत जाते. मोजणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना ती दिसतच नाही. शिबिरात मग हशा पिकतो आणि वक्ता सांगतो, "पाहा, आपले लक्ष किती कच्चे आहे! अधिक एकाग्र व्हा."

हा निष्कर्ष आम्हाला साफ उलटा वाटतो. गोरिला न दिसलेले लोक बेसावध नव्हते. ते दिलेले काम मन लावून करत होते. मूळ प्रयोगातच मोजण्याचे काम अवघड केल्यावर गोरिला दिसणाऱ्यांचे प्रमाण घटले होते. काळ्या सदऱ्यांचा गट मोजणाऱ्यांना काळा गोरिला अधिक वेळा दिसला होता, कारण ते काळ्या रंगावर लक्ष ठेवून होते. मेमर्ट यांनी २००६ मध्ये डोळ्यांच्या हालचाली नोंदवून दाखवले, की गोरिला न दिसलेल्यांची नजरही सरासरी सुमारे एक सेकंद त्याच्यावर पडलेली होती. त्याच अभ्यासात बास्केटबॉल खेळण्याचा अनुभव असलेल्यांना गोरिला अधिक वेळा दिसला. २०१३ मध्ये फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ क्ष-किरणतज्ज्ञांपैकी २० जणांना त्याच चित्रांत घातलेली गोरिलाची आकृती दिसली नव्हती. हे तज्ज्ञ आळशी होते असे कोण म्हणेल?

एकाग्रता वाढवली तर हे आंधळेपण वाढते. ते कमी करायचे तर दुसरा माणूस लागतो, आणि त्या माणसाला "तू चेंडू मोजू नकोस" असे सांगावे लागते. ही चित्रफीत बास्केटबॉलचीच आहे, पण तिच्यात पंच नाही. एक पंच असता आणि तो माणसांचा पंच असता, तर गोरिला पाच पावलेही चालू शकला नसता!

व्यवस्थेतील उणिवा

पंचांची वाटणी निर्दोष आहे असे मात्र नाही.

पहिली उणीव सीमेवरची. जागा वाटली की हद्द आली, आणि हद्दीवरच्या घटनेत दोघांनाही वाटते की दुसऱ्याने पाहिले असेल. कधी दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजतात, कधी एकाचीही वाजत नाही. दोन शिट्ट्या सर्वांना ऐकू येतात, म्हणून त्यावर चर्चा होते. न वाजलेल्या शिट्टीचा हिशोब राहत नाही. नेस्मिथ यांच्या मूळ वाटणीत जागेची हद्द नव्हती, हे इथे आठवते.

दुसरी उणीव बदलाच्या क्षणाची. भूमिका बदलत असताना, विशेषतः चेंडू झटकन उलट दिशेला गेल्यावर, पंच स्वतः धावत असतात. नेमके तेव्हाच कोणाचा कोन बरोबर असतो आणि कोणाचा नाही, हे नशिबावर राहते.

तिसरी उणीव आमच्या मते सर्वांत मोठी आहे, आणि ती चुकांच्या अभ्यासातली आहे. मार्च २०१५ पासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचे परीक्षण प्रसिद्ध करते. ही पारदर्शकता कौतुकास्पद आहे. त्या अहवालांत चुकीच्या शिट्ट्यांपेक्षा वाजायला हवी असून न वाजलेल्या शिट्ट्यांची संख्या जास्त भरते. पण तो भाग त्या क्षणी कोणत्या पंचाकडे होता, तो कुठे उभा होता, त्याचा कोन काय होता, हे त्यात सहसा दिलेले नसते. मग चूक न दिसल्यामुळे झाली, की दिसूनही खात्री न वाटल्यामुळे, हे कसे कळणार? रोगाची नोंद आहे, कारणाची नाही. एखाद्या विद्यार्थ्याला केवळ गुण सांगावेत आणि उत्तरपत्रिका दाखवू नये, तसे हे झाले.

आणि आपल्या प्रयोगशाळेत?

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. मदतीला दोन शिक्षक होते. पुढच्या टेबलावरच्या चंचुपात्रात रंग बदलू लागला आणि आम्ही तिघेही तिकडेच पाहू लागलो. त्याच वेळी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विरल आम्लाची बाटली उघडून तिरपी केली आणि त्याच्या हातावर आम्ल उडाले. लगेच भरपूर पाण्याने हात धुतला, फारसे काही झाले नाही. पण त्यानंतर कार्यालयात एका शिक्षकाला विचारण्यात आले, "तुमचे लक्ष कुठे होते?" तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. खरे तर दोष आमचा होता. तिघे मोठे खोलीत असताना कोणी कुठे पाहायचे, हे आम्ही ठरवलेच नव्हते. तीन पंच होते आणि तिघेही चेंडूचे!

त्यानंतर आम्ही एक पथ्य पाळतो. प्रात्यक्षिकाआधी सोबतच्या शिक्षकांपैकी एकाला सांगतो, "तुम्ही प्रयोग पाहायचा नाही. मागच्या कोपऱ्यात उभे राहून फक्त मुलांचे हात पाहायचे." सुरुवातीला हे त्यांना चमत्कारिक वाटते. सर्वांत आकर्षक गोष्टीकडे पाठ फिरवणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते करणाऱ्याला श्रेय मिळत नाही. म्हणून अर्ध्या वेळाने भूमिका बदलतो, पंचांसारख्याच. आपली बाजू दुसरा सांभाळतो आहे, असा विश्वास असल्याशिवाय हे जमत नाही.

जिथे पन्नास मुलांना एकच शिक्षक आहे, तिथे ही वाटणी करता येत नाही, हे आम्ही जाणतो. तिथे भूमितीचा थोडा आधार घ्यावा. खोलीच्या मधोमध उभे राहिले तर निम्मी मुले पाठीमागे जातात. कोपऱ्यात उभे राहिले तर सारी नजरेच्या टप्प्यात येतात. मुले एकामागे एक झाकली जात असतील तर दोन पावले सरकावे. सहलीला नदीकाठी गेल्यावर मात्र एका माणसाच्या भरवशावर राहू नये. पाण्याकडे पाहणारा एक आणि मुले मोजणारा एक, असे दोघे नेमावेत आणि नावानिशी नेमावेत.

वर्गात करून पाहण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. शालेय सामन्याच्या वेळी चार विद्यार्थ्यांना कागद-पेन्सिल द्या. दोघांनी पाहिजे तिकडे पाहून धक्के नोंदवावेत. उरलेल्या दोघांपैकी एकाने फक्त चेंडूजवळचे आणि एकाने फक्त चेंडूपासून दूरचे धक्के नोंदवावेत. सामना संपल्यावर दोन्ही जोड्यांच्या नोंदी ताडून पाहा. कोणत्या जोडीच्या नोंदी एकमेकींसारख्या आहेत आणि कोणत्या जोडीने मिळून अधिक पाहिले, हे मुलांनाच शोधू द्या. निकाल काय आला ते आम्हाला जरूर कळवा. आमच्या अपेक्षेविरुद्ध आला तर अवश्य कळवा.